नेट स्लो चालतंय? फोन करण्याआधी एवढं बघा

कोकणातल्या आमच्या सर्व फायबर ग्राहकांसाठी

‘नेट चालत नाही’ असा फोन आला की आम्ही उलट विचारतो, ‘अजिबात चालत नाही, की हळू चालतं? सगळ्या घरात, की एकाच खोलीत?’ त्यावर बरेच जण वैतागतात. पण हे विचारण्यामागे कारण आहे. पोलवरून घरातल्या बॉक्सपर्यंत (वायफाय देणाऱ्या मोडेम-राउटरपर्यंत) येणारी फायबर ही आमची जबाबदारी. ती तुटली तर आमचा माणूस शिडी घेऊन येणारच. बॉक्सपासून पुढे तुमच्या मोबाईलपर्यंत मात्र नेट हवेतून जातं, आणि बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. ती दुरुस्त करायला माणूस येईपर्यंत थांबायची गरज नाही.

आधी बॉक्सवरचे दिवे

भिंतीवरच्या बॉक्सला ‘पॉवर’, ‘पॉन’, ‘लॉस’ आणि ‘इंटरनेट’ असे दिवे असतात. ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाश बॉक्सपर्यंत पोचत नाहीये. माडाची झावळी वायरवर पडलेली असते, वानरांनी झोके घेतलेले असतात, नाहीतर कुंपण साफ करताना कोयती लागलेली असते. अशा वेळी बॉक्स दहा वेळा चालू-बंद करून काही होत नाही, सरळ फोन करा. त्याआधी फक्त बॉक्सला लागलेली बारीक वायर बघा. कपाट सरकवताना ती दाबली गेली असेल किंवा खिळ्याभोवती करकचून गुंडाळली असेल तर मोकळी करा. फायबर काचेची असते. तिचं वेटोळं आमटीच्या वाटीपेक्षा लहान झालं की प्रकाश वळणावरच बाहेर गळू शकतो. वायरचं टोक काढून पंच्याने पुसू नका, आणि त्यात डोळा लावून तर मुळीच बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

‘पॉन’ हिरवा आणि स्थिर, पण ‘इंटरनेट’ लाल किंवा बंद, असं असेल तर फायबर ठीक आहे. रिचार्ज संपलाय का बघा. संपला नसेल तर बॉक्स बंद करून मिनिटभराने चालू करा.

बॉक्सच्या मागे टाचणी जाईल एवढं एक भोक असतं, ‘रिसेट’ लिहिलेलं. ते कृपा करून दाबू नका. त्याने बॉक्स नुसता बंद होऊन चालू होत नाही. आम्ही त्यात भरलेलं तुमचं युजरनेम, पासवर्ड आणि बाकीचं सेटिंग सगळं पुसलं जातं. मग लाईन धडधाकट असूनही आमचा माणूस येईपर्यंत नेट बंद. घरातल्या हुशार नातवंडांना हे आवर्जून सांगा.

स्पीड मोजायचा कसा

मागच्या पडवीत उभं राहून मोबाईलवर केलेली स्पीड टेस्ट आमच्या लाईनची नसते, तुमच्या भिंतींची असते. लॅपटॉप असेल तर लॅन केबलने थेट बॉक्सला जोडा, बाकीच्यांचं वायफाय दोन मिनिटं बंद करा आणि मग टेस्ट घ्या. लॅपटॉप नसेल तर मोबाईल घेऊन बॉक्सपासून दोन-तीन हातांवर उभे राहा. इथे प्लॅनच्या जवळपास आकडा आला, की लाईनचा प्रश्न मिटला.

दोन आकड्यांनी हमखास गोंधळ होतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि डाउनलोड होताना दिसतात १२ एमबी, म्हणजे फसवणूक, असं नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, फाईल मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. दुसरं म्हणजे २०० चा प्लॅन घेऊन केबलवरही स्पीड ९४-९५ च्या पुढे सरकत नसेल, तर केबल बघा. लॅन केबलमध्ये ८ तारा असतात, त्यातली एक जरी तुटली तरी जोडणी १०० वर घसरू शकते. बऱ्याच जुन्या राउटरचे पोर्टच (केबल लावायच्या जागा) मुळात १०० चे असतात. तो बदलल्याशिवाय मोठा प्लॅन घेऊ नका. हे आम्ही आमच्याच धंद्याविरुद्ध सांगतोय, पण खरं तेच आहे.

महिन्याच्या शेवटीच स्पीड पडत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपलीय का ते बिलावर बघा.

जांभ्याच्या भिंती आणि बॉक्सची जागा

वायर पडवीतून आत येते म्हणून बॉक्सही पडवीत लागतो, आणि स्वयंपाकघर राहतं घराच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये जांभ्या दगडाच्या दोन-तीन जाड भिंती. पावसाळ्यात त्या ओल धरतात, आणि ओली भिंत वायफाय जास्त खाते. म्हणून जूनपासून ‘यंदा रेंज कमी झाली’ असे फोन येतात, तेव्हा लाईन होती तशीच असते.

तुमच्या बॉक्सवर बहुधा दोन वायफाय दिसतात. २.४ गीगाहर्ट्झचं दूरवर पोचतं, पण स्पीड कमी देतं, शिवाय शेजारपाजारची वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ गीगाहर्ट्झचं वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमतं. (नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही.) टीव्ही बॉक्सच्याच खोलीत असेल तर तो ५ वर लावा, मागच्या खोलीतले मोबाईल २.४ वर. चाळीत किंवा अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर २.४ चं चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते ठेवायला आम्हाला सांगा. या तिघांचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत.

बॉक्स लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा माशांच्या टाकीशेजारी ठेवू नका. धातू आणि पाणी दोन्ही वायफायला अडवतात. दिसायला बरा नाही म्हणून तो शोकेसमध्ये बंद करणारी घरं आम्हाला रोज भेटतात. माजघरात, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघडा ठेवा. फायबर तिथपर्यंत आणून देतो, फक्त मागा.

तरीही मागे रेंज नसेल तर बाजारातला स्वस्त रिपीटर घेण्याआधी विचार करा. तो ज्या वायफायवरून घेतो त्याच वायफायवरून पुढे देतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. माळ्यावरून लॅन केबल नेऊन स्वयंपाकघराजवळ दुसरा राउटर लावणं हा खरा उपाय. केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याकडचं कुठलंही घर तेवढं लांब नसतं.

गणपतीत काय होतं

एरवी तीन मोबाईल असलेल्या घरात चतुर्थीला पंधरा होतात. आरतीचे व्हिडिओ घेतले जातात, आणि वायफाय मिळालं की प्रत्येकाचा मोबाईल न विचारता ते गूगल फोटोजवर चढवायला लागतो. अपलोड भरून गेला की डाउनलोडही अडतं, कारण काहीही खाली उतरवताना ‘मिळालं, पुढचं पाठव’ असा निरोप वर जावा लागतो आणि तो रांगेत थांबतो. कधी स्पीड टेस्टचा आकडा बरा दिसला, तरी व्हिडिओ कॉल मात्र तुटक होतो. पाहुण्यांना ‘बॅकअप रात्री करा’ असं सांगणं अवघड जात असेल तर आम्हाला सांगा. गेस्ट वायफाय वेगळं काढून त्याला मर्यादा घालता येते का, ते तुमच्या बॉक्सवर बघून देतो. घराबाहेर क्लाउडवर चित्र पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरेही वर्षभर असाच अपलोड खातात.

वीज आणि विजा

आभाळ भरून आलं की, विजा कडाडू लागण्याआधीच, बॉक्सचा अडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढा. काच वीज वाहून नेत नाही, झटका येतो तो घरच्या वायरिंगमधून, नाहीतर लॅनच्या तांब्यातून. लाईट सारखी जात असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लाईट येता-जाता बॉक्स बंद पडून पुन्हा लाईनवर यायला जो वेळ घेतो, त्यालाच बरेच जण ‘नेट तुटतं’ म्हणतात.

फोन करताना

‘लॉस’ लाल आहे का, केबलवर किंवा बॉक्सजवळ किती स्पीड आला, आणि त्रास ठराविक वेळीच होतो का, एवढं सांगितलंत तर निम्मं काम फोनवर होतं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आमचा माणूस आला की पॉवर मीटरवरचा (फायबरमधला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा विचारून घ्या. उणे १५ ते उणे २५ असेल तर लाईन चांगली. उणे २७ च्या खाली (उणे २८, उणे ३०) गेला असेल तर नेट तुटणारच, मग जॉइंट पुन्हा मारल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. नंबर बॉक्सच्या स्टिकरवर आहे. स्लो नेटच्या तक्रारी सकाळी ९ ते रात्री ९, ‘लॉस’च्या लाल दिव्यासाठी केव्हाही.