धिणोधर डुंगर

धिणोधर म्हणजे गुजरातमधल्या कच्छ जिल्ह्यात, नखत्राणा तालुक्यातला विझलेला ज्वालामुखी, उंची ३८६ मीटर. आकडा ऐकून पुण्याचा ट्रेकर हसतोच, कारण पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे डेक्कनला रिक्षावाल्याशी वाद घालत उभा असलेला माणूस या डुंगराच्या माथ्यापेक्षा उंचावर असतो. पण आजूबाजूला सगळा सखल रखरखीत माळ आणि त्यात हा एकटा उभा, त्यामुळे खाली पोचलं की हसू जरा आवरतं.

ज्वालामुखी म्हटलं की वर जाऊन वाकून आत बघायचं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. इथे तसं तोंड शिल्लकच नाहीये. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हा थर साचले त्याच काळातलं हे प्रकरण, फक्त आपल्याकडे लाव्हा भेगांमधून पसरत एकावर एक थर बसले म्हणून सिंहगडाला किंवा राजगडाला पायऱ्यांसारखे कडे दिसतात, आणि इथे लाव्हा नळीतच थिजला, भोवतीचा मऊ वालुकाश्म झिजून गेला आणि बाटलीतून बूच तेवढं उरावं तसा हा खडक उरला. म्हणजे आपण चढतो ते ज्वालामुखीच्या गळ्यावर. कच्छमधल्या अशा काही टेकड्यांच्या काळ्या दगडात हिरवट, काचेसारखे दाणे दिसतात, ते ऑलिव्हिन नावाचं खनिज, आणि त्याचे गोळेच्या गोळे लाव्ह्याने थेट प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून उचलून आणलेले. सह्याद्रीत हे शोधून सापडायचं नाही.

पायथ्याशी थान गावात कानफाट्या नाथ जोग्यांचा जुना मठ आहे. सासवडजवळच्या कानिफनाथाला जाणाऱ्यांना ही मंडळी परकी वाटणार नाहीत. कथा अशी सांगतात की याच पंथातल्या धोरमनाथ नावाच्या साधूंनी रागाच्या भरात शाप देऊन गावं उद्ध्वस्त केली, मग प्रायश्चित्त म्हणून तपाला डोंगर शोधू लागले, पण आधीच्या टेकड्या त्यांच्या पापाच्या भाराने फुटल्या, शेवटी हा उलट्या पावलांनी चढले तेव्हा याने भार पेलला, म्हणून नाव धिणोधर, धीर धरणारा. वर बारा वर्षं डोक्यावर उभं राहून तप केलं, आणि डोळे उघडल्यावर पहिली नजर समुद्रावर पडली तो आटून रण झालं. गंमत म्हणजे रण हा एके काळी समुद्राचा उथळ फाटाच होता आणि गाळाने भरला, एवढं तरी भूगर्भवालेही मान्य करतात.

चढ सिंहगडापेक्षा बराच कमी, पण सावली जवळपास नाहीच, वेडी बाभूळ आणि काटेरी झुडपं एवढंच, आणि काळा दगड असा तापतो की आधाराला हात टेकला तरी झटकन उचलावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काय तो सीझन, तोही उजाडताना निघून ऊन चढायच्या आत खाली यायचं. माथ्यावर धोरमनाथांचं छोटं देऊळ आहे, पण पिठलं-भाकरी घेऊन बसलेली मावशी नाही, मडक्यातलं दही नाही, त्यामुळे पाणी घरून निघाल्यासारखं भरून न्यायचं. रण उत्सवाची गर्दी सगळी रणाकाठच्या धोरडो गावाकडे वळते, इकडे सहसा कोणी फिरकत नाही, म्हणून वर वाऱ्याशिवाय आवाज नसतो. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला रणाची पांढरी कड दिसते.

पुण्याहून आधी भूज गाठायचं आणि तिथून गाडी करायची. वाटेत निरोणा लागतं, एरंडेल उकळून केलेल्या रंगाच्या रोगन कामासाठी प्रसिद्ध. कारागीर तो चिकट गोळा तळहातावर घेऊन लोखंडी काडीने त्याची केसाएवढी तार ओढतो आणि कापडावर सोडतो, ते बघायला तासभर हाताशी ठेवावा.