डायलिसिसचे सांडपाणी वाचणारा प्रकाश

चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये, मिनिटाला 500 मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने, सुमारे 120 लिटर द्रव यंत्रातून जातो आणि शेवटी गटारात सोडला जातो. या द्रवाला डायलिसेट म्हणतात. डायलायझर म्हणजे यंत्राची रक्त गाळणारी नळी; तिच्यातील हजारो बारीक पोकळ तंतूंच्या आतून रक्त वाहते आणि बाहेरून डायलिसेट, आणि तंतूंच्या सच्छिद्र भिंतींमधून युरिया, क्रिएटिनिन, युरिक आम्ल यांसारखी द्रव्ये रक्तातून त्यात उतरतात. म्हणजे वापरलेला डायलिसेट हे एका अर्थी त्या रुग्णाचे मूत्रच होय. मूत्रपरीक्षा हा वैद्यकाचा फार जुना भाग असला, तरी हे मूत्र मात्र दीर्घकाळ कोणीही न तपासता वाहून जात राहिले.

डायलिसिस पुरेसे झाले की नाही हे ठरवण्याची रूढ पद्धत रक्ततपासणीची आहे. डायलिसिसच्या आधी आणि नंतर रक्त घेऊन त्यातील युरिया किती घटला ते पाहतात आणि त्यावरून ‘केटी बाय व्ही’ हा आकडा काढतात. के म्हणजे मिनिटाला युरियापासून मुक्त होणाऱ्या रक्ताचे आकारमान, टी म्हणजे वेळ आणि व्ही म्हणजे शरीरातील एकूण पाणी. समजा, के 200 मिलिलिटर आहे, वेळ 240 मिनिटे आहे आणि शरीरात 35 लिटर पाणी आहे. तर 48 लिटर ‘स्वच्छ’ झाले आणि आकडा सुमारे 1.37 आला. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्यासाठी 1.2 ही किमान मर्यादा मानली जाते. फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी 1985 मध्ये रूढ केलेली ही मोजणी उपयुक्त आहे, पण ती सहसा महिन्यातून एकदाच होते. उरलेल्या अकरा-बारा वेळी काय घडले, हे अंदाजावरच राहते.

स्वीडनमधील लिंकोपिंग आणि एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथील संशोधकांनी, त्यांत इव्हो फ्रिडोलिन हे प्रमुख होते, यावर काढलेला मार्ग दिसायला साधा आहे. डायलायझरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर एक पारदर्शक कक्ष बसवायचा, त्यातून सुमारे 280 ते 300 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती प्रकाश पोहोचतो ते सतत मोजायचे. द्रवात प्रकाश शोषणारी द्रव्ये जितकी अधिक, तितके शोषण अधिक. डायलिसिस सुरू झाल्यावर शोषण सर्वाधिक असते आणि रक्त स्वच्छ होत जाईल तसे ते घातांकी वक्राने, म्हणजे आधी झपाट्याने आणि मग हळूहळू, उतरते. त्या उताराच्या तीव्रतेवरून केटी बाय व्हीचा अंदाज तिथल्या तिथे मिळतो. सुई नको, रक्ताचा थेंब नको, रसायन नको. 2002 मध्ये या तंत्राचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे काही कंपन्यांनी आपल्या डायलिसिस यंत्रांतच असे संवेदक बसवले.

यात एक गंमत आहे. ज्या युरियावरून सारा हिशेब मांडला जातो, तो युरिया या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. संवेदकाला प्रामुख्याने दिसते ते युरिक आम्ल, ज्याचे शोषण 293 नॅनोमीटरच्या आसपास ऐन भरात असते. युरिक आम्ल हा युरियासारखाच लहान रेणू असल्याने दोघे साधारण एकाच चालीने रक्तातून बाहेर पडतात, आणि एकाच्या पावलांवरून दुसऱ्याची वाट ओळखता येते. मात्र रुग्णाने घेतलेले एखादे औषध अतिनील प्रकाश शोषणारे असले, तर वक्रात त्याचाही वाटा मिसळतो, त्यामुळे हा आकडा वाचणाऱ्याने औषधांची यादी डोळ्यांसमोर ठेवलेली बरी.

माझ्या मते आकड्यापेक्षा वक्र अधिक मोलाचा आहे. फिस्टुलातील (डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेल्या रक्तमार्गातील) सुई सरकली, डायलायझरमध्ये रक्ताच्या गुठळ्या झाल्या किंवा स्वच्छ झालेले रक्तच पुन्हा यंत्रात ओढले जाऊ लागले, तर त्याचा परिणाम उपचार चालू असतानाच रेषेत उमटू शकतो आणि परिचारिकेला सुई बदलणे, रक्ताचा वेग वाढवणे किंवा वेळ लांबवणे शक्य होते. महिनाअखेरच्या अहवालातून ही संधी मिळत नाही. आपल्याकडे खर्चापायी अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. त्यांच्या बाबतीत वाया गेलेल्या एकेका तासाची किंमत अधिक आहे.

तरीही लहान रेणूंची गणना ही अपुरीच गणना आहे. अमेरिकेतील ‘हेमो’ चाचणीत 1,846 रुग्णांपैकी काहींना अधिक मात्रेचे डायलिसिस दिले गेले आणि त्यांचा केटी बाय व्ही 1.32 ऐवजी 1.71 झाला, पण 2002 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. लक्ष द्यायला हवे अशी विषद्रव्ये आणखीही आहेत. आतड्यातील जीवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल बनवतात, यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते, आणि ते नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, म्हणून डायलायझरच्या छिद्रांतून फारसे जात नाही. हे द्रव्य अतिनील प्रकाश शोषून लांब तरंगलांबीचा प्रकाश परत फेकते. शोषणाऐवजी ही चमक मोजली, तर त्याच गटारी द्रवातून इंडॉक्सिल सल्फेटचा अंदाज करता येतो, हे टॅलिनच्या गटाने दाखवले आहे. सुमारे 11,800 डाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) वजनाचे बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन याहून अवघड आहे: वर्षानुवर्षे साठून ते सांध्यांत अमायलॉइड, म्हणजे न विरघळणाऱ्या प्रथिनतंतूंच्या, रूपात बसते, पण डायलिसेटमध्ये इतके विरळ असते की प्रकाशाला ते स्वतः दिसत नाही, आणि त्याच्याबरोबर वर-खाली होणाऱ्या इतर चमकणाऱ्या द्रव्यांवरून त्याचा तर्क करावा लागतो.