फीड: मालक गेले, फाइल राहिली

आज ‘फीड’ म्हटलं की अंगठ्याने सरकवत राहायची ती न संपणारी रांग आठवते. हा अर्थ तसा अलीकडचा. फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणलं सप्टेंबर २००६ मध्ये. त्याआधी फीड म्हणजे एक साधी फाइल होती, आणि ती अजूनही आहे. संकेतस्थळ आपल्याकडे नवं काय आलं त्याची यादी त्या फाइलीत ठेवतं: मथळा, दुवा, तारीख, फार तर चार ओळींचा सारांश. आपला फीड रीडर (म्हणजे फीड वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) अधूनमधून तिथे डोकावतो आणि नवं असेल ते घेऊन येतो. वर काय दिसावं, खाली काय जावं, हे मध्ये बसून कोणी ठरवत नाही.

या फाइलीच्या सर्वांत रुळलेल्या प्रकाराचं नाव आरएसएस. (आपल्याकडे ही तीन अक्षरं उच्चारली की समोरच्याला आधी नागपूर आठवतं, त्यामुळे संदर्भ सांगूनच पुढे जावं लागतं.) मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत तिचा जन्म झाला. ‘माय नेटस्केप’ या पानावर वाचकाला आपल्या आवडीच्या संकेतस्थळांचे मथळे चौकटींत मांडता यायचे, आणि ते मथळे त्या त्या संकेतस्थळाने स्वतःच पुरवावेत अशी कल्पना होती. आवृत्ती ०.९० रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी बांधली. गुहा आयआयटी मद्रासचे. माहितीविषयीची माहिती कशी नोंदवायची, हा त्यांचा जुना ध्यास. पण त्यांचा आराखडा रोजच्या वापराला जड होता. जुलैमध्ये लिबींनी तो हलका केला आणि त्यात डेव्ह वायनर या सॉफ्टवेअरकाराच्या १९९७ पासूनच्या स्वतंत्र प्रयोगातले घटक घेतले. या ०.९१ आवृत्तीत एका फाइलीत १५ नोंदींपर्यंतच मुभा होती. चौकट भरायला तेवढ्या पुरत.

नेटस्केप तोवर एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेलं होतं. २००१ मध्ये एओएलने ‘माय नेटस्केप’वरून आरएसएसची सोयच काढून टाकली. गंमत पुढे आहे. जानेवारी २००७ मध्ये त्या पानाच्या डागडुजीसाठी पत्ता दुसरीकडे वळवला गेला, आणि जगभरातले काही फीड रीडर अचानक बंद पडले. ०.९१ चे नियम लिहिलेली फाइल त्या पत्त्यावर होती, आणि ही बापडी सॉफ्टवेअरं इतकी वर्षं तिथेच जाऊन ती तपासत होती!

आरएसएस नावाच्या या मुलावर, ते पुरतं पोरकं व्हायच्या आधीच, दोन पक्षांनी हक्क सांगितला होता. डिसेंबर २००० मध्ये एका गटाने गुहांच्या मूळ वळणावर जाणारी १.० आवृत्ती काढली. त्या गटात १४ वर्षांचा ॲरन स्वार्ट्झही होता. वायनर साधेपणावर अडून राहिले. त्यांनी त्याच महिन्यात ०.९२ आणि सप्टेंबर २००२ मध्ये २.० काढली. म्हणजे २.० ही १.० ची पुढची पायरी नव्हेच, ती भाऊबंदकीतली दुसरी शाखा. या भांडणाला कंटाळलेल्यांनी २००३ मध्ये तिसरंच काही सुरू केलं. ते ‘ॲटम’, आणि डिसेंबर २००५ मध्ये ते रीतसर इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झालं. वाचकाला यातलं काही कळलंही नाही, कारण रीडर बनवणाऱ्यांनी निमूटपणे सगळेच प्रकार वाचायला शिकून घेतलं. माझ्या मते या इतिहासातले खरे शहाणे तेच.

ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आला. त्याच वर्षाअखेरीस मायक्रोसॉफ्टने फायरफॉक्स ब्राउझरमधलं फीडचं नारिंगी चिन्ह आपलंसं केलं. मार्च २०१३ मध्ये गूगलने रीडर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १ जुलैला दार लावलं. आरएसएस मेलं, अशी बोंब तेव्हा उठली. प्रत्यक्षात मेला होता तो एक रीडर. लोकांनी आपण वाचत असलेल्या फीडची यादी ओपीएमएल फाइलीत (अशा याद्या एका रीडरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइल-प्रकार) उतरवली आणि फीडली किंवा दुसऱ्या एखाद्या रीडरमध्ये नेऊन ओतली. अनेकांची सवय मात्र तिथेच सुटली, हेही खरं.

वायनरांच्या ०.९२ मध्ये एक बारकासा घटक होता: नोंदीला ध्वनिफीत जोडायची सोय. तेव्हा त्याचं फारसं कोणाला कौतुक नव्हतं. पॉडकास्ट त्यावरच उभे राहिले, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्यांना जागा दिली. आजही ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये एखादा कार्यक्रम लावला की नवा भाग आल्याचं ॲपला कळतं ते कार्यक्रम करणाऱ्याच्या आरएसएस फाइलीवरूनच.