अनोळखी माणसांना बिचकणारा कुत्रा: फिरायला नेताना काय करावं, काय टाळावं

फिरताना समोरून येणारे आजोबा थबकून विचारतात, "चावतो का हो?" आणि आपण सवयीने सांगतो, "नाही हो, काही करत नाही. हात लावून बघा." बिचकणाऱ्या कुत्र्याचं प्रकरण बिघडतं ते बहुधा या "हात लावून बघा"मुळे.

जास्तीत जास्त लोकांनी कुरवाळलं की कुत्र्याची भीड चेपते, असा समज घरोघरी आहे. म्हणून सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या हातात बिस्कीट देऊन कुत्र्याला पुढे सारलं जातं. तो मागचे पाय जागेवर रोवून, नुसती मान लांब करून बिस्कीट उचलतो. ते तोंडात गेल्यावर त्याच्या ध्यानात येतं की ज्याची भीती वाटते त्याच्याच हाताशी आपण उभे आहोत. तो भुंकतो किंवा तोंड टाकतो ते नेमकं या क्षणी. मग घरचे म्हणतात, "अचानक चावला हो!" पण त्याचे रोवलेले पाय ते आधीपासून सांगत होते.

म्हणून आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिला नियम हा: कुत्र्याची अनोळखी माणसांशी ओळख करून द्यायची नाही. माणसं दिसली तरी कोणी आपल्या अंगावर येत नाही, उलट काहीतरी चांगलं मिळतं, एवढंच त्याला पटवायचं आहे.

आधी अंतर, मग खाऊ

प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. तेवढ्या लांबून माणूस दिसला तर तो बघतो, पण खातो आणि तुमचं ऐकतोही. कुणाला रस्त्याची पलीकडची बाजू पुरते, कुणाला अख्खं मैदान लागतं. एरवी आवडीने खाणारा कुत्रा हातातलं चिकन हुंगूनही बघत नसेल, तर तुम्ही फार जवळ आला आहात. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मागे पडलेले कान, पोटाखाली गेलेली शेपूट, तोंड एकीकडे पण डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल इतकी तिरकी नजर, ही सगळी घाबरल्याची लक्षणं. शेपूट हलते म्हणजे खूश आहे, असंही धरून चालू नका. अंग आखडून, शेपूट ताठ उभी ठेवून तो ती थोडी थोडी हलवत असेल, तर तो ताणात आहे.

त्या अंतरावर उभे राहा. माणूस दिसला आणि कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं, की लगेच खाऊ. माणूस जाईपर्यंत बारीक तुकडे देत राहा. तो गेला की खाऊ बंद. हा क्रम सोडू नका. माणूस दिसण्याआधीच तुमचा हात खाऊच्या पिशवीत गेला, तर कुत्रा शिकतो की हात पिशवीत गेला म्हणजे कोणीतरी येतंय, आणि तो खाऊलाच बिचकू लागतो. १९०४ साली पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं: आधी खूण आणि मग अन्न असं होत राहिलं, की नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते.

काही दिवसांनी माणूस दिसताच कुत्रा आपणहून तुमच्याकडे वळून बघेल. ते दिसलं की दोन पावलं जवळ जा, जास्त नाही. दहा मिनिटांचा सराव पुरतो. एखाद्या दिवशी कोणी अंगावर आलं, तो फार भुंकला, तर सरळ घरी या आणि दुसरा दिवस शांत जाऊ द्या.

खाऊ म्हणजे मीठ-मसाला, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन. शाकाहारी घरात पनीर. तुकडा वाटाण्याएवढा, आणि तेवढं जेवणातून कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नको.

पुण्यात सराव कुठे करायचा

संध्याकाळचा लॉ कॉलेज रस्ता किंवा सकाळची हनुमान टेकडी सरावाला नको. गर्दी तर असतेच, पण माणूस समोर आला की बाजूला सरायला जागा मिळत नाही. मोकळं मैदान किंवा कॉलनीतली रुंद गल्ली बरी. उभ्या गाड्यांच्या आडोशालाही जाता येतं. पेठांतल्या गल्ल्या दुपारी सामसूम असतात, पण एप्रिल-मेमध्ये डांबर तापतं. पालथा हात पाच सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याला त्यावरून चालवू नका.

लिफ्ट सगळ्यांत अवघड. आत कोणी असेल तर पुढची येऊ द्या, किंवा जिना वापरा.

हेल्मेट घातलेल्या डिलिव्हरीवाल्याचा चेहरा दिसत नाही. पावसाळ्यात रेनकोट-छत्रीमुळे ओळखीचा शेजारीही परका होतो. या वस्तू आधी घरातल्या माणसांनी घालून दाखवाव्यात. गणपतीआधी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की फिरण्याची वेळ बदला; त्या आवाजात नवीन काही शिकवायला जाऊ नका.

लोकांना काय सांगायचं

"आमच्याकडे लहानपणापासून कुत्री आहेत, मला काही करणार नाही," असं म्हणत हात पुढे करणारे काका हमखास भेटतात. त्यांना "घाबरतो" सांगून उपयोग होत नाही. "काका, ट्रेनिंग चालू आहे, हात नका लावू" म्हटलं की बहुतेक जण थांबतात. नाहीच थांबले, तर कुत्र्याला घेऊन निघा. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपल्या कुत्र्याला तिथे अडकवून ठेवू नका.

गळ्याला आवळणारी साखळी आम्ही वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये, हे आग्रहाने सांगतो. माणूस दिसला की गळा दुखतो, एवढंच त्यातून कुत्रा शिकतो. छातीवरून येणारा हार्नेस आणि पाच-सहा फुटांची साधी लीश घ्या. गुरगुरण्यावर ओरडणंही तितकंच चुकीचं. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो.

मोठा कुत्रा एकाएकी माणसांना बिचकू लागला असेल तर आमच्याआधी व्हेटकडे जा. कानाचं, दाताचं, सांध्याचं दुखणं असू शकतं. शांत करणारी औषधं त्यांच्याच सल्ल्याने.

साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात माणसं फारशी न पाहिलेल्या कुत्र्यांना वेळ जास्त लागतो. रस्त्यावरून घरी आणलेल्यांत असे बरेच असतात. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. काही कुत्री परक्याचा हात कधीच आवडून घेत नाहीत. ती शेजारून शांतपणे चालत गेली, की आम्ही काम झालं असं मानतो.

पहिल्या भेटीला रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक आणि त्याचा आवडता खाऊ आणा. पोट थोडं रिकामं असू द्या. आमचा ट्रेनर लांब उभा राहील, कुत्र्याशी बोलणार नाही, त्याला हात लावणार नाही. पहिले दोन-तीन वेळा एवढंच चालेल.