'द किंग्ज स्पीच' आणि ११ डिसेंबर
परवा रात्री बाबांसोबत 'द किंग्ज स्पीच' परत पाहिला. राजाची त-त प-प होते, बस एवढ्यावर दोन तास, पण मधे चहालासुद्धा कोणी उठलं नाही. ना आपला राजा, ना आपली भाषा, तरी शेवटच्या भाषणाला मी सोफ्याच्या टोकावर येऊन बसलेलो. पिक्चर २०१० चा, चार ऑस्करवाला. पण त्यामागची खरी गोष्ट वाचत गेलो तर ती फिरून आपल्या नागपूरच्या महाल भागापर्यंत आली, म्हणून हे लिहून राहिलोय.

तर हा राजा, घरचं नाव बर्टी, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचा दुसरा मुलगा. डावखुरा, पण उजव्या हातानंच लिही म्हणून मागे लागलेले, बाप कडक, पाय सरळ व्हावे म्हणून लहानपणी पट्ट्या बांधलेल्या. ३१ ऑक्टोबर १९२५ ला वेम्बलीच्या प्रदर्शनात त्याचं भाषण फसलं, पिक्चर तिथूनच सुरू होतो. त्याला बोलायला शिकवणारा लायनेल लोग हा ऑस्ट्रेलियन, डॉक्टरकीची डिग्री नाही, वक्तृत्व शिकवायचा आणि पहिल्या महायुद्धातून बोलणं बिघडून आलेल्या सैनिकांवर काम करून करून शिकलेला. दोघांची भेट १९२६ ची, आणि १९२७ मध्ये कॅनबेराला पार्लमेंटच्या उद्घाटनाचं भाषण बर्टीनं नीट निभावलंसुद्धा. पिक्चरनं मात्र हे सगळं १९३० नंतर सरकवलंय. ते एक वेळ चालेल, पण चर्चिल बर्टीच्या बाजूचा दाखवलाय ना, ते काही पटत नाही, कारण तो खरं तर थोरल्या भावासाठी भांडत होता.

लेखक डेव्हिड सायडलर स्वतः लहानपणी अडखळायचा. ही गोष्ट लिहायला राजाच्या विधवेकडे परवानगी मागितली तर तिनं कळवलं की मी जिवंत असेपर्यंत नको, आणि बाई १०१ वर्षं जगल्या, २००२ ला गेल्या. लोगच्या डायऱ्या तर शूटिंगच्या तोंडावर हाती आल्या.

आता गादीचं. जानेवारी १९३६ मध्ये बाप गेला, थोरला एडवर्ड राजा झाला, त्याला घटस्फोटित वॉलिस सिम्प्सनशीच लग्न करायचं होतं, चर्च आणि सरकार अडून बसलं, आणि ११ डिसेंबर १९३६ ला त्यानं गादी सोडली. मूलबाळ नव्हतंच, गादी धाकट्या भावाकडे गेली, बर्टीचा सहावा जॉर्ज झाला.

इथे बाबांनी पॉज केलं. "काऊन, तिकडे लेकरू नाही तर भावाला, अन् आपल्या भोसल्यांचं?"

तारीख पाहा. नागपूरचे तिसरे रघुजी गेले ते ११ डिसेंबर १८५३ ला. त्यांनाही वारस मुलगा नव्हता. राणीवशानं दत्तक घेतला, इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानला नाही, १८५४ ला राज्य खालसा. वाड्यातले दागिने, हत्ती, घोडे सगळं लिलावात काढलं. पुढे १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी इथे कापडाची गिरणी सुरू केली, नाव एम्प्रेस मिल. त्या एम्प्रेसचाच बर्टी पणतू. आता तिथे मॉल आहे, पार्किंगला जागा मिळत नाही.

आणि ते शेवटचं भाषण, ३ सप्टेंबर १९३९ चं, ब्रिटन जर्मनीविरुद्ध दुसऱ्या महायुद्धात उतरलं त्या दिवशीचं. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, याच्या लोगनं कागदावर उभ्या रेघा मारून ठेवलेल्या. पिक्चरमध्ये लोग समोर उभा राहून हातानं ताल देतो, मागे बीथोवेन, आणि राजा एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर काढतो. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोनं इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थानही लढाईत उतरल्याचं जाहीर करून टाकलं. त्या निषेधात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचंही गेलं.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला अन् म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण लाव बरं ते शेवटचं भाषण अजून एकदा."