डिझेल की पेट्रोल? चढ फसवतो, उतार सांगतो

गेल्या मे महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, ट्रेलर घेतला. आता ओढायला पिकअप कुठली घेऊ, डिझेल की गॅस?" तो डेन्व्हरला लागून असलेल्या अरोरात राहतो, मी तिथून अर्ध्या तासावर. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटंसं घर: दोन पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. उन्हाळ्यात शनिवार-रविवार ते पिकअपच्या मागे जोडून डोंगरात जायचं, हा कोलोरॅडोतला घराघरातला कार्यक्रम. आणि इथे गॅस म्हणजे पेट्रोल, हे नव्याने आलेल्याला आधी सांगावं लागतं.

तो शोरूममध्ये जाऊन आला होता. विक्रेत्याने त्याच्यापुढे टॉर्कचे आकडे मांडले होते आणि त्याचं मन डिझेलकडे झुकलं होतं. ते आकडे खरेच आहेत. फोर्डच्या सुपर ड्यूटी या मोठ्या पिकअपचं उदाहरण घ्या. ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ४३० हॉर्सपॉवर आणि सुमारे ६४४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. ६.७ लिटरच्या टर्बो डिझेलची २०२० सालची आवृत्ती ४७५ हॉर्सपॉवर आणि सुमारे १,४२४ न्यूटन-मीटर देते. पॉवर जवळपास सारखी, टॉर्क दुपटीहून जास्त. ऐकणाऱ्याला वाटतं, डिझेल दुप्पट ओझं ओढणार.

तसं होत नाही. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो गिअर बदलून हवा तेवढा वाढवता येतो. सायकलवरून चढ चढताना एक जण जड गिअरमध्ये पेडलवर उभा राहून सावकाश दाबतो, दुसरा हलका गिअर टाकून भराभर पाय मारतो. दोघेही एकाच वेळी माथ्यावर पोचू शकतात. चढावर वेग ठरतो तो पॉवरवर, म्हणजे जोर आणि फेरे यांच्या गुणाकारावर. डिझेल हा पहिला सायकलवाला, पेट्रोल हा दुसरा. फरक पडतो तो पाय किती भराभर मारावे लागतात यात, आणि दम केव्हा लागतो यात.

आमच्याकडे दम लागण्याची जागा ठरलेली आहे. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून रॉकी पर्वतरांग ओलांडतो. हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. पलीकडे सिल्व्हरथॉर्न गावाकडून बोगद्यापर्यंतचा चढ जेमतेम १३ किलोमीटरचा, पण काही ठिकाणी ७ टक्क्यांचा. १०० मीटर पुढे गेलं की ७ मीटर वर. पिकअप आणि ट्रेलर मिळून ८ टन धरा आणि वेग ताशी ८० किलोमीटर. या वेगाने तुम्ही दर सेकंदाला ८ टन वजन दीड मीटरहून थोडं जास्त वर उचलत असता. नुसत्या उचलण्यालाच १६० हॉर्सपॉवरच्या वर लागतात. त्यात ट्रेलरच्या चपट्या तोंडावर आदळणारा वारा, टायरचं घर्षण, गिअरमधली गळती मिळवली की गरज अडीचशेच्या आसपास जाते.

आता हवेकडे बघू. ३,४०० मीटरवर समुद्रकिनाऱ्याच्या मानाने हवा सुमारे ३० टक्के विरळ असते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढ्याच प्रमाणात पेट्रोल जाळू शकतं, म्हणून ४३० हॉर्सपॉवरचं इंजिन तिथे ३०० च्या घरात येतं. तेही मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर. ४,००० फेऱ्यांवर त्याच्याकडे जेमतेम अडीचशे उरतात. आपली गरज नेमकी तेवढीच. म्हणजे पूर्ण चढभर इंजिन ४,००० च्या वरच ओरडत राहणार. डिझेलला मुळातच टर्बो असतो. तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून विरळ हवा दाबून आत भरतो. त्यामुळे हे काम डिझेल मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आगेमागे करतं आणि आत बसलेल्यांच्या गप्पा थांबत नाहीत.

माझी आधीची पिकअप टर्बो नसलेली पेट्रोलची होती. त्या चढावर मागच्या सीटवरची धाकटी कानावर हात ठेवायची आणि बायको दर दोन मिनिटांनी विचारायची, "अहो, इंजिन ठीक आहे ना?" ठीकच होतं. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांसाठीच घडवलेलं असतं, आवाजाने ते खराब होत नाही. पण चार तासांच्या प्रवासात तो आवाज माणसाला थकवतो, आणि थकलेला चालक हा ८ टनांच्या गाडीतला सगळ्यात कच्चा दुवा असतो.

डिझेल एवढा दाब सोसतं याचं कारण त्याच्या जन्मात आहे. सायकलचा पंप भराभर मारला की नळी गरम होते, कारण दाबलेली हवा तापते. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण दहापट दाबतात आणि मग ठिणगी देतात. त्याहून फार जास्त दाबलं तर ते ठिणगीआधीच पेट घेतं, इंजिन ठोके मारू लागतं. रुडॉल्फ डिझेलने नेमकी ही अडचणच कामाला लावली. नुसती हवा पंधरा-सोळापट दाबायची, ती ५०० अंशांच्या वर तापते, मग त्यात इंधन फवारायचं. ठिणगीची गरजच नाही. १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आली. वाफेची इंजिनं त्या काळी याच्या बरीच मागे होती. एवढा दाब पेलायचा म्हणून डिझेलचा सगळा सांगाडा जाडजूड असतो. हा जाडजूडपणा पुढे आपल्याला नडणार आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी जाहिरातीतल्या आकड्याबद्दल. "ही गाडी इतके टन ओढते" हा आकडा अमेरिकेत बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ या प्रमाणपद्धतीने ठरवतात. त्यातली चढाची कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. भर उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि साध्या पिकअपने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. कसोटी कडक आहे, मला ती आवडते. पण त्या चढाचा माथा साधारण १,१०० मीटरवर आहे, डेन्व्हर शहराच्याही खाली. शिवाय गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी ६८ किलोंची. दोन मुलं, सायकली, लाकडं आणि ३,४०० मीटरचा बोगदा त्या आकड्यात नाही.

चढाबद्दल एवढं बोललो, पण माझं मत उतारावर ठरलं. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नला उतरताना गाडी साधारण ६५० मीटर खाली येते. ८ टन वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात २० अंशांचं दीडशे लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापेल. ही सगळी उष्णता दहा मिनिटांत कुठेतरी गेलीच पाहिजे. ती फक्त ब्रेकवर टाकली तर पॅड तापून गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. या उतारावर बेफाम ट्रक अडवण्यासाठी रस्त्याच्या कडेला खडीच्या चढत्या पट्ट्या ठेवल्या आहेत, त्या उगीच नाहीत. पुण्याच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये ट्रक सोडला की काय होतं, ते आपण वारंवार पाहिलं आहे.

गिअर लावलेला असेल तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. आणि इथे पेट्रोल जन्मतः चांगलं आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की पेट्रोल इंजिनाची थ्रॉटल झडप मिटते. बोटाने तोंड दाबलेल्या स्ट्रॉमधून सरबत ओढावं तसं इंजिन हवेसाठी धडपडतं, आणि ती धडपड चाकांना मागे खेचते. डिझेलचा वेग मात्र हवा अडवून नव्हे, इंधन कमी-जास्त करून ठरतो. हवा आत मोकळी येते, दाबली जाते आणि दाबलेल्या स्प्रिंगसारखी जोर जवळपास परत देते. त्यामुळे नुसतं डिझेल उतारावर फारसं धरत नाही.

यावरचा उपाय एका जीवघेण्या प्रसंगातून निघाला. कोथरूडमुळे कमिन्स हे नाव पुण्यात घरातलं आहे. १९६२ पासून ही कंपनी तिथे इंजिनं बनवते. तिचे मूळ संस्थापक क्लेसी कमिन्स. १९१९ साली त्यांनी इंडियानातल्या कोलंबस गावी कंपनी काढली. १९३१ साली डिझेल ट्रकने अमेरिका आडवी पार करण्याचा विक्रम करताना ते कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरत होते. ब्रेक तापून निकामी झाले आणि खाली रेल्वे फाटकावरून मालगाडी चालली होती. शेवटचा डबा पुढे सरकला आणि ते थोडक्यात वाचले. हा प्रसंग त्यांच्या डोक्यातून गेला नाही. अनेक वर्षांनी त्यांनी तोड काढली: हवा पूर्ण दाबली गेली की ऐन त्या क्षणी झडप उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे स्प्रिंग परत जोर देणारच नाही. १९६१ पासून तो इंजिन ब्रेक बाजारात आला, आणि महामार्गावर मोठ्या ट्रकांचा जो धडधड आवाज ऐकू येतो तो त्याचाच.

पिकअपमध्ये त्याचा सौम्य भाऊबंद असतो, एक्झॉस्ट ब्रेक. बटण दाबलं की टर्बोची पाती मिटतात, धुराची वाट अरुंद होते आणि इंजिनाला स्वतःचाच श्वास जोर लावून बाहेर ढकलावा लागतो. माझ्या आताच्या डिझेल पिकअपमध्ये हे बटण आहे. बोगद्याच्या तोंडाशी ते दाबतो आणि सिल्व्हरथॉर्न येईपर्यंत ब्रेकला तीन-चारदाच पाय लागतो. पेट्रोलमध्येही खालचा गिअर लावून उतरता येतं, पण ८ टनांना ते अपुरं पडतं. डिझेलसाठी मी पैसे मोजले ते या एका बटणासाठी.

आता जाडजूडपणाची किंमत. भावाला मी शोरूममध्ये नव्हे, ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेलं. माझी पिकअप, माझा ट्रेलर, आत सगळं कुटुंब आणि सामान. आधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं लेबल दाखवलं: माणसं आणि सामान मिळून १,०४० किलोंच्या वर नको. मग बेरीज केली. आम्ही चौघं २९०. मागच्या हौद्यात जनरेटर, सायकली, लाकडं १९०. जोडणीची दांडी ५०. आणि ४ टनांच्या ट्रेलरचं नाक पिकअपच्या पाठीवर टेकतं त्याचे ५०० किलो; साध्या जोडणीत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे यावाच लागतो, नाहीतर तो रस्त्यावर शेपटीसारखा झुलतो. झाले १,०३०. काट्याच्या चिठ्ठीवर एकूण वजन ८ टन आलं आणि पिकअपच्या वाट्याची जागा उरली १० किलो. इंजिन आणखी दोन टन सहज ओढेल, पण गाडीची कंबर भरली. डिझेलची पिकअप तशाच पेट्रोलच्या पिकअपपेक्षा साधारण ३०० किलो जड असते, आणि एकूण मर्यादा तीच असेल तर ते ३०० किलो तुमच्या सामानातून जातात. जास्त ओढता येतं म्हणून डिझेल घ्यावं आणि नेमकं उचलायलाच कमी पडावं, असं खूप जणांचं होतं.

पैशांचं लवकर आटपतो. मोठ्या पिकअपला डिझेल इंजिनाचे साधारण १० हजार डॉलर जास्त पडतात. वर्षाला ५,००० मैल ट्रेलर ओढला, पेट्रोलवर गॅलनला ८ मैल आणि डिझेलवर ११ मैल मिळाले, पेट्रोल ३.२० आणि डिझेल ३.८० डॉलर धरलं, तर वर्षाची बचत पावणेतीनशे डॉलरच्या आत. फरक फिटायला पस्तीसहून जास्त वर्षं लागतील. बचतीसाठी डिझेल ही भारतातल्या जुन्या काळची सवय. इथे डिझेलवर केंद्रीय करही जास्त आहे, गॅलनला २४.४ सेंट, पेट्रोलला १८.४.

डिझेलचा एक स्वभावही आहे. धुरातली काजळी अडवणारी गाळणी वेळोवेळी स्वतःला तापवून ती जाळते, आणि त्यासाठी लांबची, सलग धाव लागते. रोज दहा मिनिटं ऑफिस आणि परत, असं चाललं की गाळणी तुंबते. नायट्रोजन ऑक्साइड मारायला युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते उणे ११ अंशांना गोठतं, म्हणून टाकीला हीटर असतो. कडक थंडीत डिझेलमधलं मेणही साकळतं.

भावाला मी तीन गोष्टी विचारल्या. ट्रेलर भरून किती? पावणेतीन टन. वर्षातून किती वेळा? पाच-सहा. एरवी गाडी कशाला? ऑफिस, नऊ किलोमीटर. मग उत्तर त्यानेच दिलं. त्याने ३.५ लिटरच्या टर्बो पेट्रोलची मध्यम पिकअप घेतली. टर्बोमुळे बोगद्याची विरळ हवा तिला फारशी जाणवत नाही, आणि साडेपाच टनांना उतारावर खालचा गिअर पुरतो.

जुलैत आम्ही दोघे ट्रेलर घेऊन डिलनच्या तलावावर गेलो. बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच त्याने गिअर खाली घेतला, दिवे लावून उजवी लेन धरली आणि ताशी ७० किलोमीटरवर उतरत राहिला. मागून हॉर्न वाजले, तो हलला नाही. खाली पेट्रोल पंपावर थांबल्यावर मी त्याच्या पुढच्या चाकाजवळ हात नेला. ऊब होती, वास नव्हता.