दंडातली काडी आणि रक्तातली साखर

दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवायचे गर्भनिरोधक इम्प्लांट म्हणजे ४ सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी मऊ काडी असते, जी डोळ्यांना दिसत नाही पण चाचपली की बोटाला लागते. तिच्यात एटोनोजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे संप्रेरक ६८ मिलिग्रॅम भरलेले असते. ते सुरुवातीला दिवसाला ६० ते ७० मायक्रोग्रॅम आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस २५ ते ३० मायक्रोग्रॅम इतके झिरपते. इस्ट्रोजेन तिच्यात अजिबात नसते.

हिच्यामुळे साखर वाढते का, हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो थोडा अपुरा आहे. सिंगापूरमध्ये ८० स्त्रियांवर दोन वर्षे चाललेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना ही एक काडी, तर काहींना नॉरप्लांट हे सहा नळ्यांचे जुने इम्प्लांट बसवले होते. अशा तपासणीत उपाशीपोटी रक्त घेतात, पाण्यात विरघळवलेले ग्लुकोज प्यायला देतात आणि मग ठरावीक वेळाने पुन्हा रक्त काढतात. दोन्ही गटांत साखरेचे आकडे लक्षणीय बदलले नाहीत, मात्र इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद किंचित मंदावलेला आढळला. म्हणजे साखर पेशींत पोचवण्याचे काम वेळेत उरकले, पण त्यासाठी इन्शुलिनचे मजूर जास्त लावावे लागले. नेहमीच्या रिपोर्टात फक्त साखर मोजतात, त्यामुळे ही वाढीव मजुरी तिथे कुठेच दिसत नाही.

असे होण्याचे एक कारण म्हणजे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन थोड्या प्रमाणात पेशींवरच्या पुरुषी संप्रेरकांसाठीच्या ग्राहकांनाही (म्हणजे संप्रेरक पकडणाऱ्या रेणूंनाही) चिकटते. नॉरप्लांटमधील लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाचा हा गुण एटोनोजेस्ट्रेलपेक्षा अधिक आहे. इन्शुलिन बनवणारे निरोगी स्वादुपिंड मात्र हा जादा भार सहज पेलते, आणि म्हणून अशा स्त्रीने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही, असे मला वाटते.

ज्यांच्या स्वादुपिंडाची ताकद आधीच बेताची आहे, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. गरोदरपणात मधुमेह झालेल्या आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांचा लॉस एंजेलिसमधील अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ प्रोजेस्टेरॉनवर्गीय गोळ्या घेणाऱ्यांमध्ये पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जवळपास तिप्पट दिसला. अर्थात त्या गोळ्या होत्या, काडी नव्हे, आणि हा निष्कर्ष जसाच्या तसा इम्प्लांटला चिकटवणे बरोबर होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदरपणातील मधुमेहाचा पूर्वेतिहास असला तरी इम्प्लांटवर बंधन नाही. प्रत्यक्ष मधुमेह असेल, तरी फायदा जोखमीपेक्षा मोठा मानला जातो.

तेव्हा गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्यावी आणि ती पुढेही दर एक ते तीन वर्षांनी करत राहावे. हे काडी बसवली तरी करायचे आणि नाही बसवली तरी करायचेच.